यॉर्कमध्ये जुनं घर घेताय? पाण्याला मीटर लावायचं की फिक्स बिलावरच राहायचं

इंग्लंडात यॉर्कला घर घेणाऱ्या आपल्या लोकांना मॉर्गेज, काउन्सिल टॅक्सचा (म्हणजे घरपट्टीचा) बँड, शाळेचा कॅचमेंट एरिया सगळं तोंडपाठ असतं, पण चावी हातात आल्यावर पाण्याचं पहिलं बिल येतं आणि मग फोन येतो, अरे मीटर लावून घ्यावं का रे? वीज-गॅससारखी पाण्याची कंपनी बदलता येत नाही, भागाला जी कंपनी आहे तीच. आपल्या हातात निवड उरते ती एवढीच, की बिल वापराप्रमाणे घ्यायचं की घराप्रमाणे. मी आधी फिक्स बिलावर होतो आणि आता मीटरवर आहे, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. कुठली बाजू आवडते ते वाचताना कळेलच.

हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही. साधारण 1990 नंतर बांधलेल्या घरांना मीटर असतंच, आणि जुन्या घराला आधीच्या मालकाने बसवलेलं असलं तरी तिथे विषय संपतो, मागे जाता येत नाही. पण यॉर्कात जुनी घरं भरपूर. साउथ बँक, ग्रोव्ह्ज, लीमन रोड या बाजूची भिंतीला भिंत लागून असलेली विटांची घरं किंवा एकॉम्बकडची सेमी (एकाच बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर) घेत असाल तर पुढचं वाचा.

फिक्स बिल म्हणजे रेटेबल व्हॅल्यूवरचं बिल. ही व्हॅल्यू 1973 च्या मूल्यांकन यादीवरून आलेली, घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल या हिशोबावर ठरलेली. 1990 मध्ये इंग्लंडात घरावरच्या कराची जुनी रेट्सची पद्धत गेली आणि हे आकडे तिथेच गोठले. म्हणजे आज तुमच्या घरात किती माणसं राहतात, किती पाणी वापरतात, याचा बिलाशी काहीही संबंध नाही.

याचा फायदा कुणाला, तर मोठ्या कुटुंबाला, आणि तो फायदा खरा आहे. 1973 साली ज्या घराचा संडास मागच्या यार्डात होता त्या घराची व्हॅल्यू कमीच लागलेली असते, 1990 नंतर कुणी आत दोन बाथरूम केली, लॉफ्टमध्ये खोली काढली, तरी आकडा तोच. अशा घरात पाच-सहा माणसं, रोज मशीन चालू, तर फिक्स बिल स्वस्तच पडणार, आणि डोक्याला ताप नाही, वर्षाचा आकडा आधीच कळतो आणि डायरेक्ट डेबिट लावून मोकळं व्हायचं. आमच्या ओळखीत असं एक घर आहे, त्यांना मी स्वतःच सांगितलं की मीटरच्या फंदात पडू नका.

मग मी का बदललं? एका गोष्टीमुळे. आम्ही दिवाळीला घरी जातो, आणि सुट्ट्या जोडून जातो म्हणजे जवळपास नाताळपर्यंत घर बंद. थंडीत पाइप गोठून फुटायची भीती असते म्हणून निघताना स्टॉप टॅप, म्हणजे घरात येणारं पाणी तोडायचा मुख्य नळ, बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाकायचं, हे सगळं मी नीट करून जातो. म्हणजे त्या काळात आमच्या घरात एक थेंब पाणी आलेलं नाही आणि एक थेंब गटारात गेलेला नाही. बिल मात्र पूर्ण. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे समजावलं की घरात फर्निचर आहे, कनेक्शन चालू आहे, तेव्हा आकारणी होणारच, आणि त्यांचं चूक नव्हतं, नियमच तसा आहे. मी म्हटलं ठीक आहे, मग ही व्हॅल्यू तरी परत तपासता येईल का, तर तेही नाही, 1990 नंतर त्या आकड्याविरुद्ध अपील करायची सोयच नाही.

हे मला फार लागलं. पैशापेक्षा जास्त हे लागलं की आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही. आमच्याकडे अजूनही सकाळी बादलीनेच अंघोळ होते, मुलगासुद्धा बादलीच मागतो, एका बादलीत पंधरा-वीस लिटर पाणी. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज घेतो आणि टब भरला तर ऐंशीच्या आसपास जातं. म्हणजे आम्ही लहानपणापासूनच्या सवयीने पाणी जपून वापरणारे, आणि बिल ठरणार आमच्या जन्माच्या आधीच्या एका यादीवरून. शेजारच्या आजी तीन बेडरूमच्या घरात एकट्या राहायच्या, त्यांची व्हॅल्यू तर आमच्यापेक्षा जास्त, आणि वापर असून असून किती असणार? आधी त्यांनी मीटर लावलं आणि त्यांचं बघून मी.

इथे एक ठोकताळा सगळे सांगतात, घरात जितकी माणसं तितक्याच किंवा त्याहून जास्त बेडरूम असतील तर मीटर बघावं. ढोबळ आहे पण माझ्या मते बरोबर आहे.

मीटर मागणी केल्यावर फुकट बसवतात. बहुतेकांचं फुटपाथमधल्या झाकणाखाली, स्टॉप टॅपच्या शेजारी बसतं. पण यॉर्कातल्या रांगेतल्या घरांची गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी एकाच जुन्या पाइपवर तीन-चार घरं असतात. मग बाहेर मीटर बसवलं तर सगळ्यांचंच पाणी मोजलं जाईल, म्हणून घराच्या आत, किचनच्या सिंकखाली बसवावं लागतं. आमचं तसंच आहे. कपाट रिकामं करून दिलं, प्लंबर आला, काम पटकन झालं, फक्त सिंकखालची थोडी जागा गेली, तिथे मी पूर्वी तेलाचे डबे ठेवायचो. आतही जागा नसेल किंवा पाइपिंग फारच गुंतागुंतीचं असेल तर मीटर बसत नाही, पण मग कंपनीकडे अंदाजे आकारणी मागता येते, आणि एकट्या-दुकट्या माणसाला तीसुद्धा व्हॅल्यूवरच्या बिलापेक्षा बरी पडू शकते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि 'मीटर बसत नाही' म्हटल्यावर गप्प बसतात.

मीटरवर काळे आकडे म्हणजे युनिट, एक युनिट हजार लिटर, आणि लाल आकडे त्याखालचे लिटर. बिलात पाण्याचा दर वेगळा आणि सांडपाण्याचा वेगळा, आत आलेल्यातलं बहुतेक सगळं पाणी गटारात जातं असं धरून सांडपाण्याचं बिल लावतात, म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट दोनदा वाचतं. स्टँडिंग चार्ज मात्र आहेच, घर बंद असलं तरी तो पडतो. तरी दिवाळीनंतरचं पहिलं बिल आलं आणि त्यात आम्ही नव्हतो तेव्हाचा वापर शून्य दिसला, तेव्हा मला जे समाधान वाटलं ते खरंच सांगता येत नाही.

आता मीटरचा त्रास पण सांगतो. एक म्हणजे गळती. फिक्स बिलावर टॉयलेटची टाकी झिरपत असली तरी कुणी बघत नाही. ही हल्लीची बटणवाली ड्युअल फ्लश टाकी झिरपायला लागली की दिवसाला दोनशे ते चारशे लिटर आरामात जातं, आवाज नाही, काही नाही, भांड्याच्या मागच्या बाजूने एक बारीक धार उतरत असते, ती टिश्यू पेपर लावून बघितल्याशिवाय दिसतही नाही. मीटरवर ते सगळं आपल्या खिशातून. म्हणून मी अधूनमधून रात्री झोपताना लाल आकडे बघतो आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत परत बघतो. हलले असतील तर कुठेतरी गळतंय. जमिनीखालच्या पाइपची गळती असेल तर कंपन्या सहसा एकदा सूट देतात, घरातल्या टाकीसाठी तशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा त्रास नाजूक आहे. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहायला येतात. आईला वाहत्या नळाखाली भांडी घासायची सवय, कढई आणि कुकर डिशवॉशरमध्ये घालायला ती तयार नाही, तांदूळ-डाळ धुताना तीन पाणी काढणार, आणि हे सगळं चालू असताना सिंकखाली मीटर फिरतंय हे आपल्याला माहीत असतं. फिक्स बिलावर हा विचार मनात येतच नाही, हे मान्य. मी ठरवलंय की त्या महिन्यांत मीटरकडे बघायचं नाही आणि आईला एका शब्दाने टोकायचं नाही. त्या काळातलं बिल वाढतं, हो, पण वर्षाचा हिशोब धरला तर आम्हाला तरी मीटर बरंच खाली पडतंय. पण तुमच्या मनाला जर अशी टोचणी सहन होत नसेल, आणि आई-वडील वर्षातला अर्धा काळ तुमच्याकडेच असतील, तर फिक्स बिल वाईट नाही असंच मी म्हणेन.

पाणी तेच येतं, त्यात काही फरक नाही, आणि होजपाइपची बंदीसुद्धा दोघांना सारखीच. 2022 ला लागली, 2025 ला परत लागली. हिवाळ्यात ऊझ नदी वर येऊन किंग्ज स्टेथवरच्या पबमध्ये शिरते आणि उन्हाळ्यात बागेला पाइपने पाणी घालायला मनाई, हे एकाच शहरात बघितलं की मला तरी पाणी मोजलं जावं हेच पटतं. याच गावात 1813 मध्ये जॉन स्नो जन्मला, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटचा पंप बंद करायला लावून कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून देणारा तो डॉक्टर. नॉर्थ स्ट्रीटला नदीकाठच्या बागेत त्याच्या आठवणीत हँडल काढलेला पंप उभा केलाय, पाहुणे आले की मी आवर्जून तिथे नेतो. पाण्याकडे डोळे उघडे ठेवून बघायला शिकवणाऱ्या माणसाचं गाव आहे हे.

दर वाढतायत हा मुद्दाही आहेच. एप्रिल 2025 मध्ये इंग्लंड-वेल्सचं सरासरी वार्षिक बिल 603 पाउंडांवर गेलं, एका वर्षात शंभरहून जास्त पाउंडांची वाढ. दर वाढले की दोन्ही प्रकारची बिलं वाढतात, पण मीटरवाल्याला निदान वापर कमी करून थोडं उत्तर देता येतं. फिक्सवाल्याला तेवढंही नाही.

एक गोष्ट व्हिसावर असलेल्यांनी नीट लक्षात घ्यावी. वॉटरशुअर नावाची योजना आहे, तीन किंवा जास्त मुलं असतील किंवा आजारपणामुळे जास्त पाणी लागत असेल तर मीटरच्या बिलाला वरची मर्यादा घालतात. पण त्यासाठी सरकारी बेनिफिट चालू असावे लागतात, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या व्हिसावर पब्लिक फंड्स घ्यायची परवानगी नसते. म्हणजे ही सवलत आपल्यासाठी नाही. घरात तान्हं बाळ आणि अजून दोन मुलं असतील तर 'जास्त झालं तर वॉटरशुअर आहे' या भरवशावर मीटर घेऊ नका.

भाड्याने राहत असाल तरी मीटर मागता येतं. सहा महिने किंवा त्याहून मोठा करार असेल तर तो हक्क भाडेकरूचा आहे, तरी घरमालकाच्या कानावर घाला, कारण सिंकखाली पाइप कापायचा म्हणजे उगाच वाद नको. विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स माफ असतो पण पाण्याचं बिल माफ नसतं, चार-पाच जण मिळून जुन्या घरात राहत असाल तर फिक्सच राहू द्या.

अर्ज करायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आपला वापर खरा खरा भरा, पाहुण्यांचे महिने धरून भरा. स्वतः मागून लावलेलं मीटर नको वाटलं तर परत फिक्सवर यायची मुदत किती आणि ती कुठल्या तारखेपासून मोजतात हे ईमेलवर लेखी घ्या. आणि घर पुढे विकायचा विचार असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगा की मीटर आहे, मोठ्या कुटुंबाला त्याने फरक पडू शकतो.