फिनिश विभक्ती : रोजच्या वापरानंतर

फिनलंडमधल्या एस्पोला राहायला आल्यापासून हे प्रकरण रोज वापरतेय, म्हणून लिहिते. विभक्ती 15 आहेत हे खरं, पण त्यातल्या दोन-तीन पुस्तकाबाहेर फारशा भेटत नाहीत. कुठे, कुठून, कुणीकडे हा सगळा कारभार सहा जणी सांभाळतात: तीन आतल्या, तीन बाहेरच्या. 'तालो' म्हणजे घर. तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, आणि घरात शिरायचं तर तालोओन. 'तोरी' म्हणजे बाजाराचा चौक. तो उघडा, म्हणून तिथे बाहेरचा संच: तोरिल्ला, तोरिल्ता, तोरिल्ले.

'पिशवीतून' आणि 'टेबलावरून' हा भेद आपल्याला आयता येतो. अडतं पुढे. आपण घरात बसतो आणि घरातच शिरतो, दोन्हींना एकच 'त'. फिनिशला ते खपत नाही. शिवाय हालचाल कशाला म्हणायचं हेही तीच ठरवणार! किल्ली पिशवीत नाही, पिशवीतून सापडते, शोधायचीही पिशवीतूनच. आज घरीच थांबणार असाल, तरी 'कोतीन', म्हणजे घरी जाण्याचाच प्रत्यय.

माझी सगळ्यात लाडकी मात्र अंशवाचक विभक्ती. 'अम्मुइन कार्हुन' म्हटलं की अस्वल गोळीने मेलं. 'अम्मुइन कार्हुआ' म्हटलं (ही अंशवाचक) तर गोळी झाडली एवढंच. अस्वल कदाचित अजून तुमच्यामागे धावत असेल. क्रियापद तेच, काम तडीस गेलं की नाही ते नाम सांगतं. यासाठी पैकीच्या पैकी गुण.

शहराच्या नावाला 'त' लावताना तुर्कूचं तुरुस्सा आणि हेलसिंकीचं हेल्सिंगिस्सॅ होतं, पण घोड्याचं सामान्यरूप करत वाढलेल्यांनी त्याबद्दल कुरकुरू नये. कुरकुर करावी ती गावांबद्दल. एस्पो आणि वान्ता दोन्ही हेलसिंकीला खेटून, तरी माणूस राहतो एस्पो'त' आणि वान्ता'वर'. ताम्पेरेही 'वर'च. गावागणिक पाठ करा, दुसरा इलाज नाही.

दुसरी तक्रार बोलीची. वर्गात 'मिनुल्ला ओन' (माझ्याकडे आहे) घोटून घेतात आणि बाहेर लोक 'मुल ओन' म्हणून मोकळे होतात. तालोस्साचं नुसतं 'तालोस' उरतं. प्रत्ययाचं शेपूटच गिळलं, तर नवख्याने काय ऐकायचं?

नव्याने शिकणाऱ्यांनी विभक्तींचे तक्ते भिंतीवर लावण्यात वेळ घालवू नये. क्रियापद वहीत लिहितानाच त्याची विभक्ती शेजारी लिहावी. 'पिदॅन काह्विस्ता', मला कॉफी आवडते. इथेही 'तून'च लागतो, आणि तो कुठून आला हे तक्ता सांगत नाही.