पावसातली मॉडेल वाय: काच, वायपर आणि चालकाची नजर

टेस्लाचे भारतातील पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. मॉडेल वाय या इलेक्ट्रिक गाडीच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीची किंमत ५९ लाख ८९ हजार रुपये जाहीर झाली आणि त्यानंतर या गाडीविषयी जे लिहिले गेले, त्यातला मोठा भाग एका चार्जमध्ये ती किती धावते, शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते आणि आतला पडदा केवढा आहे, याच गोष्टींनी व्यापला. चार महिने पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात गाडी घेणाऱ्याने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा असे मला वाटते: चालकाला किती स्वच्छ दिसते, आणि दिसेनासे झाले तर दृष्टी परत मिळवण्यासाठी त्याच्या हाताशी काय आहे? हे परीक्षण एवढ्याच प्रश्नाचे आहे.

समोरच्या काचेबद्दल तक्रारीला जागा नाही. बॉनेट उतरते आहे, डॅशबोर्ड खाली आणि सपाट आहे, आणि चालकाच्या जागेवरून पुढच्या रस्त्याचा पट्टा बऱ्याच गाड्यांपेक्षा जवळून दिसू लागतो. मात्र स्टिअरिंगमागे काटे किंवा आकडे दाखवणारा फलक नाही. वेगसुद्धा मधल्या १५.४ इंची पडद्यावर वाचावा लागतो, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत नजर प्रत्येक वेळी रस्त्यावरून डावीकडे वळते. उतरत्या छतामुळे मागची काच आखूड झाली असून आरशात मागच्या रस्त्याची अरुंद पट्टीच दिसते. मागे वायपर नाही, ही या गाडीची उणीव आहे आणि ती लहान नाही. ह्युंदाईची आयोनिक ५ भारतात २०२३ मध्ये आली, ती मागच्या वायपरशिवाय. जगभरच्या ग्राहकांनी तो मागितल्यावर २०२४ मध्ये सादर झालेल्या सुधारित आवृत्तीत तो बसवण्यात आला. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये मागचा वायपर स्पॉयलरखाली, म्हणजे छताच्या मागच्या कडेच्या पट्टीखाली, लपवलेला आहे, पण तो आहे.

आता मुख्य मुद्दा. आपोआप चालणारा वायपर बहुतेक गाड्यांत एका छोट्या, स्वस्त आणि जुन्या युक्तीवर चालतो. आरशामागे काचेला चिकटवलेल्या संवेदकातून (सेन्सरमधून) डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काचेत तिरपा सोडला जातो. काच कोरडी असली की तो पूर्णपणे परावर्तित होऊन परत येतो. काचेवर थेंब पडले की त्या जागी थोडा प्रकाश बाहेर निसटतो आणि परत येणारा प्रकाश कमी भरतो. किती कमी भरला, यावरून पाऊस किती आहे हे यंत्राला कळते. दिवस असो वा रात्र, समोरून हेडलाइट येवोत वा न येवोत, या मोजमापात फारसा फरक पडत नाही.

टेस्लाने ऑक्टोबर २०१६ नंतरच्या गाड्यांतून हा संवेदक काढून टाकला. काचेमागे कॅमेरा आहेच, तर त्याच्या चित्रांवरून पाऊस ओळखायला संगणकाला शिकवावे, असा त्यामागचा विचार होता. त्या गाड्यांना आपोआप चालणारे वायपर मिळायला सुमारे सव्वा वर्ष लागले आणि पुढे अनेक सुधारणा होऊनही तक्रारी थांबलेल्या नाहीत. उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरतो आणि बारीक रिमझिमीत काच भरून आली तरी तो हलत नाही, असे वेगवेगळ्या देशांतले मालक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कारण समजण्यासारखे आहे. कॅमेऱ्याची नजर दूरच्या रस्त्यावर जुळवलेली असते. त्याच्या अगदी पुढ्यात काचेवर बसलेला थेंब त्याला अस्पष्ट डागासारखा दिसतो आणि त्या अस्पष्टतेवरून पाऊस, धूळ की समोरच्या दिव्याची चकाकी हे संगणकाला अनुमानाने ठरवावे लागते.

जुना संवेदकही काचेचा लहानसाच तुकडा पाहतो, हे येथे नोंदवायला हवे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडालेला गढूळ फवारा चालकाच्या डोळ्यांसमोर पसरतो, तेव्हा आरशामागच्या त्या तुकड्यावर तो पडेलच असे नाही. म्हणून कोणत्याही पद्धतीचा स्वयंचलित वायपर शेवटचा निर्णय चालकाच्या हाती सोडणारा असला पाहिजे, आणि तो निर्णय न बघता अमलात आणता आला पाहिजे. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगलगतची दांडी हे काम करते. दांडी किती वर किंवा किती खाली आहे हे बोटांना कळते आणि नजर रस्त्यावरच राहते.

मॉडेल वायमध्ये वायपरची दांडी नाही. स्टिअरिंगवरचे बटण दाबले की वायपर एकदा फिरतो आणि ते दाबून धरले की काचेवर पाणी येते. एवढे सोपे आहे आणि चांगले आहे. वेग बदलायचा असला की मात्र पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीकडे वळावे लागते, नाहीतर स्टिअरिंगवरचे छोटे चाक फिरवून किंवा तोंडी आज्ञा देऊन काम करावे लागते. त्यातही आपण नेमका कोणता वेग निवडला हे पडद्यावर पाहूनच कळते. ऑटोपायलट, म्हणजे गाडी चालवायला मदत करणारी टेस्लाची यंत्रणा, सुरू केल्यावर वायपर आपणहून ‘ऑटो’ स्थितीत जातात, म्हणजे वर सांगितलेल्या अनुमानावर विसंबणे आले.

हा धोका न्यायालयापर्यंत गेलेला आहे. जर्मनीत मार्च २०१९ मध्ये जोरदार पावसात टेस्ला चालवणाऱ्या एका चालकाने वायपरचा वेग बदलण्यासाठी पडद्याकडे पाहिले, गाडी रस्त्याबाहेर गेली आणि झाडांवर आदळली. त्याला २०० युरो दंड आणि एक महिना वाहनबंदी झाली. कार्ल्सरूअच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ती शिक्षा कायम ठेवली. गाडीत कायमचा बसवलेला पडदाही चालवताना हाताळण्यावर बंधने असलेले इलेक्ट्रॉनिक उपकरणच ठरतो आणि त्यावरून वायपर चालवला म्हणून त्याला सूट मिळत नाही, असा तो निकाल होता. दोष चालकाचा ठरला, हे कायद्याने बरोबर असेल. परंतु पावसात वायपरचा वेग बदलणे हे काही गाणे बदलण्यासारखे ऐच्छिक काम नाही. ज्या क्षणी ते करावे लागते, त्याच क्षणी रस्त्यावरून नजर काढणे सर्वांत महागात पडते, आणि ती व्यवस्था चालकाने नव्हे, गाडी घडवणाऱ्याने निवडलेली असते. युरो एनसीएपी या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची कळ या पाच गोष्टींसाठी हाताने चाचपता येणारी स्वतंत्र नियंत्रणे नसलेल्या गाड्यांचे गुण कमी करण्याचे ठरवले, ते याच विचाराने. भारतातल्या मूल्यांकनातही ही अट यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०१ वा नियम वायपर असण्याची सक्ती करतो. तो चालकाच्या हाताला कसा लागावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

काचेच्या बाहेरचे पाणी हा अर्धाच प्रश्न आहे. आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात चार भिजलेली माणसे गाडीत बसली की काच आतून धुरकट होते, आणि इलेक्ट्रिक गाडीत येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता काच गरम करायला फुकट मिळते. इलेक्ट्रिक गाडीत ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते. म्हणून घाटात चार्ज कमी दिसू लागला की पुष्कळ चालक आधी एसी बंद करतात किंवा आतलीच हवा फिरती ठेवतात. या दोन्ही गोष्टींनी आतला दमटपणा वाढतो आणि काच अधिकच धुरकटते. वास्तविक एसी हवेतले पाणी काढून घेतो, आणि त्यासाठी त्याला तासाला साधारण एक-दोन युनिट वीज पुरते; साठ युनिटांच्या बॅटरीत ही बचत करण्यासारखी गोष्ट नाही. एसी चालू, हवा बाहेरची आणि झोत काचेवर, हा उपाय मॉडेल वायमध्ये पडद्यावरच्या डिफ्रॉस्टच्या एका खुणेने साधतो आणि काच चांगल्या वेगाने साफ होते. उलट बाहेर दमट उकाडा आणि आत फार थंडी असेल, तर माठाच्या अंगावर पाझरावे तसे पाणी काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. तेव्हा आतून कितीही पुसले तरी उपयोग होत नाही, झोत काचेवरून हटवून तापमान वाढवावे आणि वायपर एकदा फिरवावा.

ही यंत्रणा आता पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या हाती आहे, आणि त्याचे दोन्ही परिणाम २०२२ मध्ये दिसले. अमेरिकेत टेस्लाला २६,६८१ गाड्या दुरुस्तीसाठी जाहीर कराव्या लागल्या, कारण सॉफ्टवेअरमधील चुकीने हीट पंपाची (गाडीतली हवा गरम करणाऱ्या यंत्राची) एक झडप नको तेव्हा उघडून शीतक अडकून पडत होते आणि काचेवरचे हिम व वाफ पुरेशी निघत नव्हती. दोष सॉफ्टवेअरचा असल्याने तो गॅरेजमध्ये न जाता, गाडीत अपडेट पाठवून काढता आला. ही सोय मोठी आहे, हे मी मान्य करतो. मात्र ज्या दिवशी काच साफ होत नाही, त्या दिवशी रस्त्यात असलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यातल्या अपडेटचा उपयोग नसतो.

यंत्राचा दोष असला तर अपडेटने भागत नाही. टेस्लाच्याच सायबरट्रकला समोर एकच अवाढव्य वायपर आहे. जून २०२४ मध्ये त्याच्या मोटरचे नियंत्रक विजेच्या अतिरिक्त ताणाने निकामी होऊ शकते म्हणून ११,६८८ गाड्यांच्या मोटरी बदलण्याचे जाहीर झाले. एक वायपर बंद पडला तर दुसरा असावा, हा साधा विचार तेथे सुटला. मॉडेल वायमध्ये दोन वायपर आहेत, हे बरे आहे. वायपर, दिवे आणि पंखा हे सगळे मोठ्या बॅटरीवर थेट न चालता कमी दाबाच्या लहान बॅटरीवर चालतात, हेही इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या याच लहान बॅटरीला चार्ज करणाऱ्या भागातील संभाव्य दोषासाठी. म्हणून कोणत्याही इलेक्ट्रिक गाडीत या लहान बॅटरीविषयी इशारा आला, तर तो पावसाळ्यात एक दिवसही टाळू नये.

रोजच्या देखभालीचे म्हणाल, तर मे महिन्याच्या उन्हात वायपरचे रबर कडक होते आणि पहिल्या पावसात काचेवर तेलकट पट्टे ओढते. मॉडेल वायसारख्या मोठ्या काचेवर ते पट्टे नेमके डोळ्यांसमोर येतात. दर वर्षी जूनआधी रबर बदलावे आणि काचेवरचा तेलाचा थर साफ करून घ्यावा. कॅमेऱ्यासमोरचा काचेचा भाग आतून-बाहेरून स्वच्छ ठेवणे येथे इतर गाड्यांहून जास्त गरजेचे आहे, कारण पाऊस ओळखणे आणि ऑटोपायलट ही दोन्ही कामे तिथूनच होतात. तडा गेलेली काच बदलायची वेळ आली, तर विम्यात काचेच्या भागांवर घसारा (जुनेपणाची वजावट) लावला जात नाही, हे लक्षात ठेवून हलक्या दर्जाच्या काचेला होकार देऊ नये. काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा झाली आहे, याची खात्री करूनच गाडी ताब्यात घ्यावी.

या सगळ्यानंतर माझे मत असे आहे की मॉडेल वायची काच उत्तम, वाफ घालवण्याची व्यवस्था चांगली, मागची दृष्टी मध्यम आणि समोरच्या वायपरचे नियंत्रण तिच्या किमतीला न शोभणारे आहे. एक स्वस्त संवेदक आणि एक दांडी एवढ्याने हा दोष दूर झाला असता. तिच्या चतुर्थांशाहूनही कमी किमतीपासून सुरू होणाऱ्या नेक्सॉन ईव्हीत वायपरची दांडी आहे. मॉडेल वाय घ्यायचीच असेल, तर चाचणीफेरी पाऊस पडत असतानाच मागून घ्यावी. गाडी उभी असताना वायपरचा वेग पडद्याकडे न बघता तीनदा बदलता येतो का ते पाहावे, मग रहदारीत शेजारी बसलेल्या माणसाला नजर ठेवायला सांगून तेच करावे, आणि परतताना एसी बंद करून काच धुरकट होऊ द्यावी व गाडी थांबवून ती किती वेळात साफ होते ते घड्याळात बघावे. विक्रेता पावसात फेरी द्यायला तयार नसेल, तर पावसाचा दिवस मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.