इन्सुलिन पेन, सात महिने झाले

डॉक्टरांनी इन्सुलिनचं नाव काढलं तेव्हा तोंडच पडलं माझं, वाटलं झालं, आता शेवटची पायरी. टाइप २ डायबिटीस, अकरा वर्षं नुसत्या गोळ्यांवर काढलेली. आता रोज रात्री २४ तास पुरणारं इन्सुलिन (बेसल म्हणतात त्याला) टोचतोय.

दुखण्याचं म्हणाल तर ४ एमएमची सुई, त्यापेक्षा बोटातून रक्त काढताना जास्त दुखतं. नवी सुई लावली की आधी २ युनिट हवेत सोडायचे, टोकाला थेंब दिसला की मग डोस लावायचा, आणि आकडा शून्यावर आला तरी १० मोजेपर्यंत सुई काढायची नाही. सुरुवातीला मी घाईत काढायचो, पोटावर थेंब चमकायचा, म्हणजे तेवढं औषध वायाच की! पेनात ३०० युनिट, माझे रोजचे १४ अधिक ते २, १८ दिवसांत संपतं, त्यामुळे उघडलेलं पेन २८ दिवसांनी टाकून द्यायची वेळ येत नाही.

मला कोडं होतं ते सकाळच्या शुगरचं. रात्री जेमतेम खाऊनही उपाशीपोटी १९०, कुठून येते ही? इन्सुलिन म्हणजे साखर पेशीत शिरू देणारी किल्ली हे सगळेच सांगतात, लिव्हरचं कोणी बोलत नाही. लिव्हर रात्रभर रक्तात साखर सोडत असतं आणि त्याला बास म्हणणारं इन्सुलिनच. माझं लिव्हर ऐकेना, पेशी ऐकेनात, स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन करून दमलेलं. त्यात पहाटे कॉर्टिसॉल, म्हणजे साखर वाढवणारं हार्मोन, वाढतं. बेसल सुरू झाल्यावर हळूहळू सकाळचा आकडा ११५-१२० वर आला.

चौथ्या महिन्यात मात्र शुगर परत चढली, खाणं तेच, डोस तोच, मी पेनलाच शिव्या घालत होतो. नर्सने पोट चाचपलं तर बेंबीच्या डावीकडे रबरासारखी गाठ. रोज तिथेच टोचायचो ना, तिथे दुखत नाही म्हणून! इन्सुलिनने तिथली चरबी वाढते आणि औषध नीट शोषलंच जात नाही. मग जागा बदलली, तर तेच १४ युनिट आता पुरते लागले आणि तिसऱ्याच पहाटे ६२, दरदरून घाम, हात थरथरतायत, ग्लुकोजचं पाकीट दाताने फोडलं. जागा बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, मला १२ वर आणलं नंतर.

गाठ बरीच बसलीये, पण आंघोळ करताना अजून लागते हाताला.