स्प्रे फ्लेममधले नॅनोकण लेझरने बघताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारण सेटअप घ्यायचा की नाही एवढंच बघायला आलेले बरेच जण इथवरच वाचतात. लेझर जरूर घ्या, पण कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमधलं ‘अ‍ॅव्हरेज’ पहिल्याच दिवशी बंद करा.

मी जर्मनीत स्प्रे फ्लेमवर, म्हणजे धातूचं द्रावण फवारून जाळत नॅनोकण बनवणाऱ्या ज्योतीवर, काम करतो. बर्नर ‘स्प्रेसिन’ जातीचा आहे. ड्युइसबुर्ग-एसेन विद्यापीठात तयार झालेल्या या बर्नरचं वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची मोजमापं एकमेकांशी ताडून बघता यावीत, हा त्यामागचा हेतू. मधोमध बारीक नळी, तिच्यातून द्रावण येतं. भोवतीच्या फटीतून वेगाने सुटणारा ऑक्सिजन त्याचे थेंब करतो, आणि बाहेरच्या सच्छिद्र धातूच्या चकतीवर मिथेन-ऑक्सिजनची पायलट ज्योत जळते. आमच्याकडे आलटून पालटून दोन द्रावणं चालतात, आयर्न नायट्रेटचं आणि टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडचं.

फिल्टरवर जमलेली पावडर शेवट काय झाला तेवढं सांगते. कण नेमके कुठे जन्मले, वाफेतून की थेंबाच्या पोटात, ते सांगत नाही. ज्योतीत नळी घालून नमुना ओढावा तर ज्योतच बिघडते. म्हणून लेझर.

सुरुवात सगळे करतात तशी केली. ५३२ नॅनोमीटरची हिरवी शीट (पातळ पडद्यासारखा पसरवलेला लेझर), काटकोनात कॅमेरा, साधं स्कॅटरिंग, म्हणजे कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपणं. स्वस्त, सोपं, आणि चित्र इतकं देखणं येतं की लगेच पोस्टरवर लावावंसं वाटतं. पण बर्नरच्या तोंडाजवळ दिसतात ते जवळपास सगळे थेंब. दाट धुक्यात घाट चढताना हेडलाइट लावले की रस्त्याऐवजी धुकंच उजळतं, तसला प्रकार. वर जाऊन थेंब संपले तरी अडचण संपत नाही. इतक्या लहान कणांचं स्कॅटरिंग व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. म्हणजे ५० नॅनोमीटरचा एकच कण ५ नॅनोमीटरच्या १० लाख कणांइतका चमकतो. नुकत्याच जन्मलेल्या कणांना या गर्दीत कोण विचारतो? स्कॅटरिंगला मी पाचपैकी दोन गुण देईन, तेही अलाइनमेंटला उपयोगी पडतं म्हणून.

खरा पैसा वसूल झाला तो फेज-सिलेक्टिव्ह लिब्समध्ये. लिब्स म्हणजे लेझरने पदार्थ फोडून, त्यातले अणू कोणत्या रंगांत चमकतात त्यावरून मूलद्रव्य ओळखणं. नेहमीच्या लिब्समध्ये लेझर इतका तीव्र असतो की वायूचीच ठिणगी पडते. इथे तीव्रता मुद्दाम खाली ठेवतात, कण फुटून त्यातले अणू चमकतील पण भोवतालचा वायू तसाच राहील एवढीच. वर्णपटात टायटॅनियमच्या रेषा ५०० नॅनोमीटरच्या आसपास येतात. वाफेतलं टायटॅनियम गप्प बसतं, कणातलं बोलतं. त्यामुळे वायूपासून कण होण्याची जागा थेट दिसते. पहिल्यांदा ती सीमा स्क्रीनवर उमटली तेव्हा चहा गार झाला तरी कोणी हललं नाही.

आता खोट. ही पद्धत शांत, वायुरूप ज्योतींवर फार छान चालते. स्प्रे फ्लेममध्ये थेंब आडवे येतात. थेंब भिंगासारखा वागून प्रकाश आपल्याच आत एकवटतो, त्यामुळे कमी तीव्रतेतही तो फुटतो, आणि त्यातल्या द्रावणात टायटॅनियम असतंच. म्हणजे तीच रेषा, पण कणाची नव्हे. यासाठीच ते ‘अ‍ॅव्हरेज’ बंद करायचं. एकेक शॉट वेगळा साठवला की थेंब ओळखू येतो: एका फ्रेममध्ये एकच ठसठशीत, भाजल्यासारखा ठिपका, आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे काहीच नाही. कणांचा सिग्नल मंद आणि पसरलेला असतो. शेकडो फ्रेमची सरासरी घेतली की हे ठिपके एकमेकांत मिसळून गुळगुळीत शंकू बनतो, आणि बघणारा म्हणतो, ‘अरे वा, कण तर बर्नरच्या तोंडापासूनच बनतायत!’ हार्ड डिस्क जास्त लागेल. लागू दे.

ओएच-एलआयएफबद्दल (ज्योतीतले ओएच लेझरने चमकवून बघण्याची पद्धत) थोडक्यात. २८३ नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजन, ३०८ जवळ टिपण. ज्योत कुठे जळते आहे ते बिनबोभाट सांगते. मात्र झायलीनसारखा अरोमॅटिक द्रावक वापरत असाल तर तो स्वतःच अतिनील प्रकाशात चमकून चित्र खराब करतो. इथेनॉलवर हा त्रास झाला नाही.

रोजच्या वापरातली कटकट वेगळीच. लेझरचा चिलर ऐन मोजणीत अलार्म देऊन बंद पडायचा, आणि पुरवठादाराकडून उत्तर यायला आठवडे लागायचे. अतिनीलसाठी डाय लेझर आहे, त्यातलं ऱ्होडामाइन बदलायच्या दिवशी हातमोजे घालूनही बोटं गुलाबी. लोखंडाच्या द्रावणाने नळीच्या टोकावर गंजाच्या रंगाची खपली धरते. ती वाढली की फवारा एका बाजूला झुकतो आणि कालचा डेटा आजच्याशी जुळत नाही. म्हणून मी दर रनच्या आधी आणि नंतर टोकाचा फोटो काढून डेटाच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. संरक्षक गॉगलमधून हिरवी शीट दिसत नाही, हे नव्या माणसाला गैरसोयीचं वाटतं आणि तो गॉगल वर सरकवू बघतो. तसं करणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवसापुरतं खोलीबाहेर काढतात, मग तो कोणीही असो.

कणांचा आकार मात्र लिब्स सांगत नाही. त्यासाठी टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) ग्रिड, म्हणजे नमुना धरणाऱ्या बारीक जाळ्या, ज्योतीतून झर्रकन फिरवून नमुने घेणं अजून सुटलेलं नाही. जागा लेझरवरून ठरवायची, आकार ग्रिडवरून. माझ्या बजेटमध्ये दोन्ही बसत नसते तर आधी ग्रिडच घेतले असते.