शपथविधी की शपथग्रहण?

मराठी वृत्तपत्रांत मंत्रिमंडळाच्या बातमीसाठी ‘शपथविधी’ आणि ‘शपथग्रहण’ हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने छापले जातात, मात्र त्यांचा रोख सारखा नाही. ‘शपथविधी’ म्हटले की व्यासपीठ, राज्यपाल, राष्ट्रगीत आणि निमंत्रितांसह संपूर्ण प्रसंग डोळ्यांपुढे येतो. ‘शपथग्रहण’ मात्र शपथ घेणाऱ्याच्या कृतीपुरते मर्यादित असल्याने प्रसंग सांगायचा झाल्यास त्याला ‘समारंभ’ जोडावा लागतो, आणि हिंदी बातम्यांतून ती जोडी जशीच्या तशी मराठीत उतरते. मथळ्यासाठी ‘शपथविधी’ सुटसुटीत आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी राजभवनात सकाळी आठच्या सुमारास जे घडले ते ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणूनच रूढ झाले (पहाट तशी सरली होती, हे वेगळे). तिथे ‘शपथग्रहण’ कोणाच्या जिभेवर आले नाही.

बातमीच्या मजकुरात मात्र दोन्हींपेक्षा ‘राज्यपालांनी शपथ दिली’ किंवा ‘मंत्र्यांनी शपथ घेतली’ हे साधे क्रियापद अधिक नेमके ठरते. संविधानाच्या अनुच्छेद १६४(३) नुसार राज्याचे मंत्री पदाची आणि गोपनीयतेची अशा दोन शपथा घेतात, तर अनुच्छेद १८८ नुसार आमदार म्हणून घ्यावयाच्या शपथेत गोपनीयता येत नाही. तरीही ‘आमदारांनी पद व गोपनीयतेची शपथ घेतली’ असे वाक्य सवयीने लिहिले जाते. शिवाय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत (शपथांच्या नमुन्यांत) ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ईश्वराचे नाव न घेता केलेले ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन पर्याय असल्याने, दुसरा निवडणाऱ्याविषयी लिहिताना ‘शपथग्रहण’ तर अधिकच चुकते.