एकच वाक्य बोलणारं बटण: बिगमॅकबद्दल एका स्पीच थेरपिस्टचं मत

विशेष शाळांमध्ये काम करताना, बोलता न येणाऱ्या मुलांचे पालक आणि शिक्षक मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, "याच्यासाठी कोणतं यंत्र घेऊ?" मुलाला बघितल्याशिवाय याचं उत्तर देऊ नये, आणि मी देतही नाही. पण एबलनेट कंपनीच्या बिगमॅक या बोलणाऱ्या बटणाबद्दल थोडं आधीच बोलून ठेवावंसं वाटतं, कारण जवळपास प्रत्येक शाळेत ते असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याकडून चुकीचं काम करून घेतलं जातं.

वस्तू अगदी साधी आहे. साधारण पाच इंच व्यासाचं गोल, भडक रंगाचं बटण. आपल्याच आवाजात दोन मिनिटांपर्यंतचा एक संदेश भरायचा, वर हात पडला की तो वाजतो. स्क्रीन नाही, पासवर्ड नाही, अपडेट नाही. आत नऊ व्होल्टची बॅटरी. वर पारदर्शक झाकण बसवून त्याखाली फोटो किंवा चित्र ठेवता येतं. स्विचवर चालणारं खेळणं जोडायला जॅकही आहे. टॅबलेटवरच्या एखाद्या अॅपमध्ये हजारो शब्द असतात, इथे एक वाक्य. तरीही ज्या मुलाचं बोट हव्या त्या चौकोनावर टेकत नाही, पण पूर्ण हात कसाबसा खाली येतो, त्याच्यासाठी हे पाच इंच फार मोलाचे आहेत. याचं अडीच इंची धाकटं भावंड लिटलमॅक. ज्यांची नेमकी हालचाल बरी आहे त्यांना ते पुरतं, आणि ट्रेवर जागाही कमी खातं.

आता मुख्य मुद्दा. या बटणाची किंमत त्यात भरलेल्या वाक्यावर ठरते, आणि शाळांमध्ये भरलेली वाक्यं बघून मला वैताग येतो. "सुप्रभात." "मी हजर आहे." "आणखी." हजेरीच्या वेळी बटण पुढे येतं, मूल दाबतं, सगळे टाळ्या वाजवतात, बटण परत कपाटात. त्या मुलाने काय सांगितलं? जे सगळ्यांना आधीच माहीत होतं ते. तो समोर बसलाय, हजर आहे हे दिसतंच आहे.

माझा नियम असा आहे की वाक्य ऐकून कुणाला तरी काहीतरी करावं लागलं पाहिजे. "ए, इकडे ये ना." "थांबा, माझं अजून झालं नाही." "मला नको." "आधी तू सांग." शेवटचं वाक्य मला विशेष आवडतं, कारण त्याने संभाषणाची पाळी फिरते. एका मुलाच्या बटणात आम्ही भरलं होतं, "बाई, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या." बाई खरोखरच दिवसातून बऱ्याचदा चष्मा शोधायच्या. मुलगा वाट बघत बसायचा आणि नेमक्या वेळी हात टाकायचा. त्याला वेळ साधता येते, विनोद कळतो, लोकांकडे लक्ष असतं, हे त्याच्या अहवालात कुठेही नव्हतं. हजेरीच्या बटणातून ते कधी कळलंही नसतं.

"मला नको" भरायला शिक्षक कचरतात. दिवसभर तेच वाजत बसेल, अशी भीती असते. वाजू दे की. आणि वाजलं तर ऐकावं लागतं. नकार दिला तरी तोंड पुसायचं काम तसंच चालू राहिलं, तर मूल दोन-चार दिवसांत शिकतं की हे बटण खोटं आहे. एखादी गोष्ट टाळता येणारच नसेल, तर निदान उत्तर तरी द्यावं: "नको म्हणालास, ऐकलं मी. हे आत्ता करावं लागेल, मग थांबू."

आवाज कुणाचा, हेही बघा. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडी चाळिशीतल्या बाईंचा आवाज बरा दिसत नाही. वर्गातला बोलणारा मित्र किंवा भाऊ-बहीण यांच्याकडून रेकॉर्ड करून घ्या. मुलांना हे काम फार आवडतं, आणि ज्याने आवाज दिला तो नंतर त्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतो. वाक्य मुलाच्याच तोंडचं हवं. आई सकाळी घाईत "आज तो नीट झोपला नाही" असं भरून पाठवते, तेव्हा तो निरोप आईचा होतो. "काल रात्री मी सगळ्यांना जागं ठेवलं" म्हटलं की तीच बातमी मुलाची होते आणि वर्ग हसतो.

आता बटण ठेवायचं कुठे, ज्यावर खरं तर वेगळा लेख होईल. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या काही मुलांमध्ये, लहान बाळाची एक प्रतिक्षिप्त क्रिया मोठेपणीही टिकून असते: मान उजवीकडे वळली की उजवा हात ताठ बाहेर जातो आणि डावा कोपरात दुमडतो. अशा मुलाच्या उजव्या कडेला बटण ठेवलं, की ते बघण्यासाठी तो मान वळवतो आणि त्या वळण्यानेच हात भलतीकडे फेकला जातो. मग "याला समजत नाही" असा शेरा पडतो. बटण समोर मध्यभागी आणून बघा. तेही जमलं नाही तर कोपर, गुडघा, गाल, डोक्यामागची उशी, जी हालचाल न थकता पुन्हा करता येते ती. हे एकट्या थेरपिस्टने ठरवायचं काम नाही, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट सोबत हवेतच. मूल नीट टेकून, पायांना आधार देऊन बसलेलं नसेल तर त्याची सगळी ताकद न पडण्यातच जाते. आणि बटण ट्रेवर घट्ट बसवा, घसरणाऱ्या बटणाचा पाठलाग कुणालाच जमत नाही.

मुलाचा हात धरून बटणावर आपटू नका. मग बोललं कोण? त्यापेक्षा तुम्ही स्वतः बटण वापरून दाखवा, मग हात मागे घ्या आणि थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, गरज पडली तर आणखी. एवढी शांतता वर्गात कुणाला सहन होत नाही. मदतनीस ताई तिसऱ्या सेकंदाला "दाब, दाब बाळा" सुरू करतात, आणि तेवढ्यात मुलाने जुळवत आणलेली हालचाल विस्कटते.

मूल बटण सारखं दाबतंय म्हणजे ते संवाद करतंय, असं लगेच मानू नका. कदाचित नुसता आवाज आवडत असेल. शेजारी दुसरं, काहीच न भरलेलं बटण ठेवा आणि मधूनमधून जागा बदला. बोलणारं बटण शोधून दाबलं, आणि दाबल्यावर माणसाकडे बघून वाट पाहिली, तर गोष्ट पुढे सरकली. नुसत्या खेळण्यासाठी दाबत असेल तर त्यातही वाईट काही नाही, जॅकला खेळणं जोडा आणि मजा करू द्या. फक्त अहवालात दोन्ही एकाच रकान्यात लिहू नका.

पालकांची एक धास्ती नेहमी समोर येते: यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचं थांबेल का? मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये, बोलण्याला पर्याय देणाऱ्या पद्धतींवरच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या 27 मुलामाणसांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही, 89 टक्के जणांचं वाढलं. वाढ बऱ्याचदा माफक होती, हेही मी पालकांना सांगते. बटण घेतलं म्हणून मूल बोलायला लागेल असं आश्वासन कुणी देत असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

कुणासाठी घेऊ नये? धावत्या-पळत्या, ऑटिझम असलेल्या मुलासाठी सहसा नाही. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि बटण टेबलावर. तिथे चित्र हातात देऊन मागायची पद्धत जास्त उपयोगी पडते. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या पेक्स या अशाच पद्धतीत पहिल्या टप्प्यापासूनच मूल चित्र माणसाच्या हातात देतं, आणि दुसऱ्या टप्प्यात ते घेऊन लांबच्या माणसापर्यंत जायला शिकतं. आणि ज्या मुलाला चार चित्रांतून निवड करता येते, त्याला एका वाक्यावर अडकवून ठेवणं अन्याय आहे. "आधी बटण येऊ दे, मग मोठं यंत्र बघू" ही शिडी कुठल्याही पुस्तकाने घालून दिलेली नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चालू शकतात, ओरडून हाक मारायला बटण आणि बाकीचं बोलायला चित्रांचा फलक.

एका वाक्याची मर्यादा गप्पांमध्ये लगेच जाणवते. मूल बातमी सांगतं, ऐकणारा विचारतो, "मग काय झालं?" आणि पुढे काहीच नाही. यासाठी त्याच कंपनीचं स्टेप-बाय-स्टेप आहे, दर दाबण्याला पुढचं वाक्य येतं. "ओळख काल काय झालं." "चूक!" "अजून एक संधी." अशी मालिका भरली की समोरचा आपोआप गुंततो. क्रम मात्र बदलत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याने भरकटून चालत नाही.

मी बिगमॅकला पाचपैकी चार तारे देते. शाळेला दोन वस्तूंपुरताच निधी मिळाला असेल तर दोन बिगमॅक घेऊ नका, एक बिगमॅक आणि एक स्टेप-बाय-स्टेप घ्या. वरच्या दोन बटणांच्या चाचणीला स्टेप-बाय-स्टेप रिकामं ठेवूनही चालतं. लाळ गळणारी मुलं असतील तर प्रत्येक वापरानंतर पुसा, झाकणाखालचा कागद लॅमिनेट करा, जास्तीची बॅटरी वर्गातच ठेवा. आणि कालचं वाक्य आज पुसून नवीन कोण भरणार, त्या माणसाचं नाव खरेदीच्या आधी ठरवा.