पाळीसाठी ‘ड्रिप’ अ‍ॅप: मिरजेतल्या एका नर्सचा अनुभव

ओपीडीत गरोदर बाई आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला, “एलएमपी सांगा.” शेवटची पाळी कधी आली? उत्तरं येतात ती अशी: “संकष्टीच्या आदल्या दिवशी,” “बेंदराला मी बाजूलाच होते की,” “पोरांची परीक्षा चालू होती बघा.” मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटत आम्ही तारीख शोधतो, त्यात २८० दिवस मिळवतो आणि बाळंतपणाची तारीख लिहून देतो. हा सगळा हिशोब पाळी २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी फुटतं, असं धरून केलेला असतो. माझी पाळी कधी ३१ दिवसांनी येते, कधी ३८. आम्ही दोघं बाळासाठी प्रयत्न करत आहोत, आणि मला चौदाव्या दिवसाचा काहीच उपयोग नाही.

मी आधी वापरत होते त्या अ‍ॅपचं नाव घेत नाही. त्यात पाळीची तारीख टाकली की पुढचे ‘चान्सचे दिवस’ गुलाबी फुलांनी भरून यायचे. दिसायला छान, पण ते फक्त मागच्या तारखांवरून काढलेलं गणित. बीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ एकाच बाईत फारसा बदलत नाही, साधारण दोन आठवड्यांच्या आसपास राहतो. लांबतो किंवा आखडतो तो त्याआधीचा काळ. जागरण, ताप, प्रवास, काळजी, सगळ्याचा परिणाम तिथे होतो. या महिन्यात तो किती लांबणार, हे मागच्या महिन्याच्या तारखेला कसं कळणार?

ड्रिप हे बर्लिनच्या ‘ब्लडी हेल्थ’ नावाच्या गटाने बनवलेलं अ‍ॅप आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. यात तारखेच्या जोडीला शरीराची लक्षणंही नोंदवायची असतात: सकाळचं तापमान आणि अंगावरून जाणारा स्राव. बीज फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि त्याने शरीराचं तापमान थोडं चढतं. चढ अगदी बारीक असतो, त्यामुळे तापाचं साधं थर्मामीटर पुरत नाही. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारं बेसल थर्मामीटर लागतं. जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठायच्या आत लावायचं.

रात्रपाळीवाल्या बाईला हे जमणार कसं, हाच माझा पहिला प्रश्न होता. निदान तीन तास सलग झोप झालेली असेल तरच आकडा धरायचा. ड्यूटीवरून येऊन दुपारी तुटक झोप झाली की तो आकडा मी लिहिते, पण त्याखाली तो हिशोबातून वगळायचं बटण आहे, ते दाबते. आकडा आलेखात दिसतो, निष्कर्षात धरला जात नाही. ही सोय ज्यांनी ठेवली त्यांना बायकांचं आयुष्य माहीत आहे, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या चक्रातला, म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचा, माझा आलेख सांगते. तापमान ३६.३० ते ३६.४० अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळत होतं. मग एका सकाळी ३६.५५, दुसऱ्या दिवशी ३६.६०, तिसऱ्या दिवशी ३६.६५. आधीच्या सहा आकड्यांपेक्षा सलग तीन आकडे वर, आणि तिसरा निदान ०.२ अंशाने वर, हा नियम. तो पुरा झाला, अ‍ॅपने आडवी रेघ ओढली. चक्राचा तेविसावा दिवस होता तो. चौदाव्या दिवसाला आमच्या बाबतीत काही अर्थ नव्हता, हे समोर स्पष्ट दिसत होतं. आमच्या डॉक्टर मॅडमना आलेख दाखवला. दहाव्या दिवसापासून दिवसाआड फॉलिक्युलर स्टडीला, म्हणजे बीज किती वाढलंय ते बघायच्या सोनोग्राफीला, बोलावण्याऐवजी त्यांनी ती आणखी काही दिवसांनी सुरू करायची ठरवली. ज्या बाईने रजा टाकून त्या रांगेत दिवस काढलेत तिला हे किती मोठं आहे ते कळेल.

तापमान मात्र बीज फुटून गेल्यावर बोलतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे दिवस राहायचे तर आधीचे दिवस महत्त्वाचे, आणि ते ओळखायला स्राव बघावा लागतो. कोरडं वाटतंय की ओलं, दिसायला चिकट, मलईसारखं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं, असं अ‍ॅप साधेपणाने विचारतं. आमच्याकडे किती जणी “अंगावरून पांढरं जातंय, औषध द्या” म्हणत घाबरून येतात! लग्न झालेल्या, पोरंबाळं झालेल्या बायकांनाही कुणी सांगितलेलं नसतं की तो पारदर्शक, तार धरणारा स्राव निरोगी शरीराची खूण आहे. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं जात असेल तर दाखवायलाच हवं. एरवी सहसा काळजीचं कारण नसतं. दोन-तीन महिने रोज नोंद केली की हा फरक बाईचा बाईलाच ओळखू येतो, म्हणून वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरांना मी हे अ‍ॅप मुद्दाम दाखवते.

आपल्याकडची एक गोष्ट. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या चक्राचा आलेख बाजूला ठेवा. त्या गोळ्यांतही प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. तापमान चढलेलं दिसेल, पण त्याचा अर्थ लावता येणार नाही.

आता माहिती कुठे जाते, याबद्दल. ‘फ्लो’ या जगभर चालणाऱ्या अ‍ॅपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप केला होता की खासगी ठेवू म्हणून सांगितलेली माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण सेवांना दिली गेली. २०२१ मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटलं. ड्रिपमध्ये खातं उघडावं लागत नाही, नाव किंवा ईमेल मागत नाहीत, सगळं तुमच्याच फोनमध्ये राहतं. वर पासवर्ड लावता येतो. आमच्या घरी फोन भाच्यांच्या हातात असतो, सासूबाई त्यावर कीर्तन ऐकतात. संबंध कधी आला हे लिहिलेली वही मी उशीखालीसुद्धा ठेवली नसती.

मी ते इंग्रजीतच वापरते. शब्द थोडे आहेत, पण ज्यांना अडेल त्यांना पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागेल. निदान तीन चक्रं भरल्याशिवाय ते पुढच्या पाळीचा अंदाज दाखवत नाही. अर्धवट माहितीवर बोलण्यापेक्षा गप्प राहणारं अ‍ॅप मला विश्वासाचं वाटतं.

मूल नको म्हणून कुणी यावर विसंबणार असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: शिकवणाऱ्या जाणकाराशिवाय नको. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना किंवा पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असताना तर नकोच. सरकारी दवाखान्यात कॉपर-टी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी फुकट मिळते. तिथल्या सिस्टरशी बोला.

अ‍ॅप प्ले स्टोअरवर आणि एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या अ‍ॅपच्या स्टोअरवर आहे. फोन बदलायच्या आधी सेटिंगमधून डेटाची फाइल काढून घ्या, कारण दुसरीकडे कुठेच प्रत नसते. ती फाइल कुणालाही उघडून वाचता येते, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका. आणि पासवर्ड विसरलात तर आधीच्या नोंदी पुसूनच नव्याने सुरुवात करावी लागते.